लॉगमध्ये उत्तर आधी, प्रश्न नंतर

ॲप्लिकेशनने प्रश्न विचारला १४:०७:३६ वाजता. डेटाबेसने त्याचं उत्तर दिलं १४:०६:५५ वाजता. दोन्ही लॉग शेजारी शेजारी उघडून मी बराच वेळ नुसता बघत बसलो. विचारायच्या आधी ४१ सेकंद उत्तर देणारा डेटाबेस कुणालाही हवाहवासा वाटेल, पण आमचा एरवी इतका तत्पर नव्हता.

तेव्हा एका दणकट लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, केव्हीएम टाकून (एका मशीनच्या पोटात अनेक आभासी मशीन चालवायची सोय) आम्ही अकरा गेस्ट, म्हणजे अकरा आभासी मशीन, चालवत होतो. गेस्टच्या आत वेळ जुळवणारं काहीच नव्हतं. 'घड्याळ होस्टचं असतं, तो बघून घेतो' अशी सगळ्यांची समजूत होती, माझीही. मग त्याच आठवड्यात आणखी दोन तक्रारी आल्या. लॉगिनसाठी लागणारा सहा आकडी कोड, जो दर ३० सेकंदांनी बदलतो, तो कधी चालायचा, कधी नाही. आणि कोडपासून प्रोग्राम बनवताना, म्हणजे बिल्ड करताना, ते काम करणारा मेक ओरडायला लागला, की फाइल भविष्यकाळात बदललेली दिसते, बिल्ड अपुरा राहिला असू शकतो. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या तक्रारी केल्या आणि मी त्या तीन वेगळ्या यादींत लिहिल्या. दुखणं एकच आहे हे कळायला दोन दिवस लागले.

कळल्यावर मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. दर पाच मिनिटांनी बाहेरच्या सर्व्हरकडून वेळ आणून घड्याळ जबरदस्तीने तिथे नेऊन ठेवणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकली. घड्याळ बरोबर दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये एका क्वेरीला उणे १.८ सेकंद लागल्याची नोंद होती, कारण क्वेरी चालू असताना मी तिच्या पायाखालचं घड्याळ मागे ओढलं होतं. एक रात्रीचं काम दोनदा चाललं, कारण त्याच्या ठरलेल्या मिनिटाला मशीन दोनदा भेटलं. चुकीचं घड्याळ एक वेळ परवडतं. मागे जाणारं घड्याळ परवडत नाही.

मग क्रॉन काढून एनटीपीडी बसवला, एनटीपी या पद्धतीने नेटवर्कवरून वेळ जुळवत राहणारा प्रोग्राम. हा तसा सभ्य गडी. फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळाला उडी मारायला लावत नाही, त्याची चाल किंचित जलद किंवा मंद करतो, आणि तेही जास्तीत जास्त ५०० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत पाचशे. या वेगाने एक सेकंद भरून काढायला २००० सेकंद लागतात आणि दिवसभरात जेमतेम ४३ सेकंद सांधता येतात. फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर जाऊन काही मिनिटं तसाच राहिला, तर मात्र तोही उडी मारतो. चार दिवस सगळं शांत होतं. पाचव्या दिवशी पाहतो तर एनटीपीडी मेलेला आणि घड्याळ २५ मिनिटं मागे. मागचे पाढे पंचावन्न.

हे कोडं लवकर सुटलं. आदल्या रात्री स्टोरेजच्या कामासाठी सगळे गेस्ट डिस्कवर सेव्ह करून ठेवले होते आणि काम झाल्यावर परत उठवले होते. झोपवलेल्या गेस्टला आपण झोपलो होतो हे कळत नाही. डोळा लागला त्याच सेकंदापासून त्याचं घड्याळ पुढे चालायला लागतं. एनटीपीडीला १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला, की 'यात काहीतरी भलतंच आहे, माणसाने बघावं' म्हणून तो स्वतः बंद होतो. त्याचं बरोबरच आहे. प्रत्यक्ष मशीनवर इतका फरक पडणं खरोखरच भलतं असतं. मी ती मर्यादा काढून टाकली आणि सुटलो असं समजलो.

सुटलो नव्हतो. रोज पहाटे घड्याळ पुन्हा मागे पडायचं, काही मिनिटांनी एनटीपीडी ते उडी मारून पुढे आणायचा, आणि त्या मधल्या वेळात जे काही लिहिलं गेलं असेल त्याचा क्रम बिघडलेला राहायचा. एनटीपीडीच्या लॉगमध्ये त्या उडीचा आकडा दर वेळी लिहिलेला असे. आठवडाभर तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी फक्त 'उडी मारली' एवढंच वाचत होतो, किती मारली ते नाही.

आता मागे वळून बघताना कळतं, की तोवर मी सगळा वेळ काटे फिरवण्यात घालवला होता. लंबक कसा हलतोय हे पाहिलंच नव्हतं. रोज ठरावीक दोन सेकंद पुढे जाणारं घड्याळ चुकीचं असतं, पण आजारी नसतं. त्याची चूक मोजता येते, म्हणून एनटीपी ती पुसून टाकू शकतो. आमचं घड्याळ चुकीचं नव्हतं, अस्थिर होतं. दोन्हींवर औषध वेगळं असतं आणि मी दुखणं रेड्याला, डाग पखालीला असा कारभार करत होतो.

म्हणून सगळी दुरुस्ती बंद केली. एका गेस्टवर एनटीपीडी थांबवला, त्याला चुकायला मोकळं सोडलं आणि शेजारी एक जुना पण खराखुरा लॅपटॉप ठेवला, ज्याची वेळ बाहेरच्या सर्व्हरांशी नीट जुळवलेली होती. लॅपटॉपवरचा बारा ओळींचा प्रोग्राम दर सेकंदाला नेटवर्कवरून गेस्टला विचारायचा, 'तुझ्याकडे किती वाजले?' आणि फरक फाइलमध्ये लिहायचा. जायला-यायला एक मिलिसेकंदही लागत नव्हता, त्यामुळे तेवढ्या चुकीची पर्वा केली नाही. ही फाइल पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

चोवीस तासांनी आलेख काढला. दिवसभर जवळजवळ सरळ रेषा, दिवसाला सेकंदाच्या आतबाहेर उतरणारी, कुठल्याही बऱ्या मशीनसारखी. आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान पायऱ्या. उतार नव्हे, पायऱ्या. मी फरकांचे आकडे कागदावर उतरवले: ४.६९, ४.६९, ९.३७, ४.६९, १४.०६.

असे आकडे समोर आले की झोप उडते. नऊ सदतीस म्हणजे त्याच पायरीच्या दोन, चौदा शून्य सहा म्हणजे तीन. घड्याळ मनाला येईल तसं मागे पडत नव्हतं, हप्त्याहप्त्याने पडत होतं. आणखी एक गोष्ट फाइलमध्ये होती. प्रत्येक पायरीच्या आधी गेस्टने काही सेकंद उत्तरच दिलेलं नव्हतं. सहा सेकंद गप्प राहिला तिथे ४.६९ गेले, अकरा सेकंद गप्प राहिला तिथे ९.३७. आणि तीन सेकंद गप्प राहिला तिथे काहीच गेलं नाही! ४.६९ हा कसला तरी उंबरठा होता.

आता तो उंबरठा कुठून आला? गेस्टच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, विचारलं, की बाबा तू वेळ कशावर मोजतोस. कर्नल स्वतःची माहिती जिथे मांडतो त्या सिस फाइलसिस्टीममध्ये क्लॉकसोर्सचा, म्हणजे वेळेच्या स्रोतांचा, एक फोल्डर असतो. त्यातली एक फाइल कुठकुठले स्रोत उपलब्ध आहेत ते सांगते आणि दुसरी सध्या कुठला वापरात आहे ते. उत्तर आलं: एसीपीआय पीएम. पॉवर मॅनेजमेंटसाठी बसवलेला एक म्हातारा टायमर. त्याची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीच्या रंगसंकेताचा आहे. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीत याच्या चौपट, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याला तिनाने भागून प्रोसेसर चालवला, चाराने भागून टीव्हीचा रंग आणि बाराने भागून टायमर. टीव्ही गेले, ते पीसी गेले, आकडा अजून मशीनच्या पोटात नांदतोय.

हा टायमर नुसता एक मोजणारा आकडा असतो, आणि आमच्या गेस्टचा कर्नल त्याचे फक्त २४ बिट वाचत होता. दोनाचा चोविसावा घात म्हणजे १,६७,७७,२१६. त्याला ३५,७९,५४५ने भागा. ४.६८७ येतं.

कॅल्क्युलेटरवर हे उमटलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सांगायला आसपास कोणी नव्हतं.

दर ४.६९ सेकंदांनी हा टायमर शून्यावर येतो आणि पुन्हा सुरू होतो. कर्नल त्याच्याकडे सेकंदात कित्येकदा डोकावत असतो, त्यामुळे एरवी फेरी कधी पूर्ण झाली हे त्याला कळतं. पण गेस्टच गोठला असेल, तर तेवढा वेळ डोकावणारं कोणी नसतं आणि टायमर मात्र फिरत राहतो. सहा सेकंदांनी गेस्ट जागा होतो, टायमर पाहतो, आणि एक फेरी झालीय हे माहीतच नसल्यामुळे १.३१ सेकंद गेले असं धरून चालतो. डोळे मिटलेल्या माणसाला तासकाटा नसलेलं घड्याळ दाखवावं तसं. यात भिंतीवरचं घड्याळ तर चुकतंच, पण टाइमआउट मोजायला वापरतात ते कधीही मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळही तेवढंच उपाशी राहतं, कारण दोघांचा स्रोत एकच.

मग इतका कुचकामी स्रोत गेस्टने निवडला तरी का? त्याचं उत्तर बूटच्या वेळच्या संदेशांत होतं. गेस्ट सुरू व्हायचा तो टीएससीवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आवर्तनं मोजणाऱ्या रजिस्टरवर. ते वाचायला सगळ्यात स्वस्त. पण टीएससीवर कर्नलचा पूर्वापार पूर्ण विश्वास नाही. म्हणून एक पहारेकरी दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची दुसऱ्या टायमरशी तुलना करतो आणि फार तफावत दिसली, की टीएससीवर 'अस्थिर' असा शिक्का मारून त्याला कायमचं बाजूला करतो. जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा ६२.५ मिलिसेकंद होती. आमच्याकडे शिक्का बसला होता पहिल्याच रात्री, अडीचच्या सुमारास. त्या संदेशात आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. टीएससीच्या मते ६ सेकंद गेले होते, पहारेकऱ्याच्या मते १.३. आणि पहारेकऱ्याचा मास्क, म्हणजे त्याचे किती बिट वाचायचे ते, लिहिला होता: सहा वेळा एफ. म्हणजेच २४ बिट. पहारेकरी होता तोच एसीपीआय पीएम!

म्हणजे साक्षीदारच एक फेरी चुकला होता. त्याच्या साक्षीवर टीएससीला काढलं आणि त्याच्या जागी नेमलं ते त्या साक्षीदारालाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कर्नलच्या भाषेत अशा दिसतात.

पण केव्हीएमच्या गेस्टमध्ये ही वेळच यायला नको. तिथे केव्हीएम-क्लॉक नावाचा खास स्रोत असतो. होस्ट एका सामाईक पानावर 'अमुक टीएससी असताना अमुक वेळ होती, आणि आवर्तनाचे नॅनोसेकंद असे करायचे' एवढं लिहून ठेवतो आणि गेस्ट त्यावरून हिशेब करतो. उपलब्ध स्रोतांच्या यादीत ते नावच नव्हतं. कर्नल सुरू होताना त्याला जे पर्याय दिले जातात त्या बूट ओळीत पाहिलं. 'नो-केव्हीएमक्लॉक'. केव्हीएम-क्लॉक वापरू नको, असं सांगणारा हा पर्याय कुणीतरी हाताने घातला होता आणि एक जुना गेस्ट सोडून सगळे त्याच टेम्प्लेटवरून बनले होते.

टेम्प्लेटच्या नोंदवहीत शोधलं. तीन वर्षांपूर्वीची नोंद, खाली माझं नाव. टिप्पणी अशी: 'घड्याळाचा त्रास होतो म्हणून'. कुठला त्रास, कुठे वाचलं, काहीच नाही. तेव्हाच्या मला गाठून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं.

गेस्ट मुळात गोठत का होते, हा प्रश्न उरला होता. मशीनवरचा ताण दाखवणाऱ्या टॉप या प्रोग्राममध्ये एसटी नावाचा रकाना असतो, होस्टने हिरावलेला वेळ दाखवणारा. तो रात्रभर शून्याजवळ होता, म्हणून होस्टवर ताण नाही असं मी ठरवून टाकलं होतं. बॅकअप सांभाळणाऱ्या सहकारिणीला सहज बोललो, तर ती म्हणाली, "अरे, दोन वाजता मी डिस्क इमेजेस कॉपी करते ना. होस्टची मेमरी बघितलीस का तेव्हाची?" पाहिली. होस्ट स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी पुरेना म्हणून तिचा भाग डिस्कवर ठेवण्यात, बुडालेला. आम्ही गेस्टांना मिळून होस्टकडे होती त्याहून जास्त मेमरी वाटली होती. कॉपी सुरू झाली, की गेस्टांच्या मेमरीची पानं, म्हणजे तुकडे, डिस्कवर जायची आणि गेस्ट त्यांची वाट बघत ताटकळायचा. एसटी मोजतो तो प्रोसेसर मिळावा म्हणून होस्टच्या रांगेत घालवलेला वेळ. स्वॅपमधून पान यायची वाट बघणं त्यात धरलेलंच नाही. रकाना खोटं बोलत नव्हता, मीच त्याला भलता प्रश्न विचारत होतो. दोन गेस्टांची मेमरी कमी केली, कॉपीचा वेग बांधून घातला, आणि गोठणं थांबलं.

बूट ओळीतला तो पर्याय काढला आणि एकेक गेस्ट रीबूट केला. एक सोडून सगळ्यांचा स्रोत केव्हीएम-क्लॉक झाला. एनटीपीडीऐवजी तेच काम करणारा क्रोनी घेतला, कारण आभासी मशीनच्या उड्या आणि झोपा तो जास्त समजूतदारपणे हाताळतो. त्यातही एक मेख आहे. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये मेकस्टेपची जी ओळ असते, ती फक्त पहिल्या तीन दुरुस्त्यांपर्यंत उडीला परवानगी देते. नंतर गेस्ट झोपून उठला, तर क्रोनी चाल बदलूनच फरक भरतो. त्याचा वेग मोठा आहे, बारा सेकंदांत एक सेकंद, पण २० मिनिटांचा फरक भरायला त्यालाही चार तास लागतात. ॲप्लिकेशनच्या गेस्टांवर मी कधीही उडीची परवानगी देऊन टाकली. डेटाबेसवर नाही. तिथे गेस्ट उठवला, की होस्टवरून गेस्ट सांभाळणाऱ्या व्हर्श या साधनाच्या डोमटाइम आज्ञेने, सिंकचा पर्याय देऊन, वेळ जुळवून घ्यायची आणि मगच डेटाबेस सुरू करायचा, असा रिवाज पाडला. त्यासाठी गेस्टमध्ये होस्टचं ऐकणारा एक छोटा प्रोग्राम, एजंट, लागतो, हे पहिल्या वेळी नडल्यावर कळलं.

इथे खरं तर गोष्ट संपायची. पण मला हाव सुटली. केव्हीएममध्ये पीटीपीचं, म्हणजे जास्त अचूक वेळ जुळवायच्या पद्धतीचं, एक मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) आहे. ते लोड केलं, की गेस्टला होस्टचं घड्याळ नेटवर्कशिवाय थेट वाचता येतं. मॉड्यूल लोडच होईना. 'चालणार नाही' एवढंच म्हणे. कागदपत्रं चाळल्यावर अट सापडली, की होस्ट स्वतः टीएससीवर चालत असला पाहिजे. होस्टवर गेलो, तीच फाइल उघडली. एचपीईटी, म्हणजे टीएससी नव्हे, प्रोसेसरबाहेरचा आणखी एक टायमर.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! होस्टच्या बूट संदेशांतही टीएससीवर शिक्का होता, आणि इथे आरोप खरा होता. दोन सॉकेटांच्या दोन प्रोसेसरांची टीएससी एकमेकांशी जुळत नव्हती, आणि कर्नलने तक्रारीच्या आधी चौकटी कंसात 'फर्मवेअर बग', म्हणजे मदरबोर्डवर आधीच भरलेल्या प्रोग्रामची चूक, असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे गेस्टांमध्ये टीएससीला काढलं ते खोट्या पुराव्यावर, पण आरोपी एकदम पुण्यवान होता असंही नाही. अकरा गेस्ट हलवा, होस्ट बंद करा, फर्मवेअर बदला, परत उठवा, यात एक अख्खी सुटी गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त त्या दिवशी काही बिघडलं नाही.

होस्ट टीएससीवर आला आणि मॉड्यूल निमूट लोड झालं. एक अनपेक्षित फायदा पदरात पडला. दहा लाख वेळा वेळ विचारणारा छोटा प्रोग्राम मी सुरुवातीला एसीपीआय पीएमवर चालवून ठेवला होता. त्याला सात सेकंद लागले होते, कारण प्रत्येक वाचनाला गेस्टमधून बाहेर पडून होस्टचा दरवाजा ठोठवावा लागतो. आता तोच प्रोग्राम सेकंदाच्या विसाव्या भागात संपला. व्हीडीएसओमुळे, म्हणजे कर्नलने प्रोग्रामच्या हाताशी ठेवलेल्या कोडमुळे, कर्नलमध्ये जायचीही गरज उरली नव्हती. ओळीओळीला वेळ लिहिणारे आमचे बोलघेवडे लॉग त्या दिवसापासून फुकट झाले. डेटाबेस 'जरा हलका वाटतो' असं दोघांनी आपणहून सांगितलं, त्यांना काही माहीत नसताना.

उणे १.८ सेकंदांचं प्रकरण मी तेवढ्यावर सोडलं नाही. कोडमध्ये कालावधी मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरलेल्या नऊ जागा सापडल्या. तिथे मोनोटॉनिक घातलं.

लॅपटॉपवरचा बारा ओळींचा प्रोग्राम अजून चालतो. दहा गेस्टांच्या रेषा सरळ आहेत. अकराव्याचा कर्नल इतका जुना आहे, की त्याला केव्हीएम-क्लॉक ठाऊकच नाही, आणि त्यावर जे चालतं ते नव्या कर्नलवर न्यायची कुणाची छाती नाही. तो आजही एसीपीआय पीएमवर आहे. मागच्या महिन्यात एका पहाटे त्याच्या रेषेत एकच पायरी दिसली. मोजायच्या आधीच मी सहकारिणीला फोन केला, "काल रात्री कॉपीचा वेग वाढवलास का?"

"थोडासा," ती म्हणाली. "तुला कसं कळलं?"